बातमीवर बोलायचा हक्क कोणाला?

पत्र:

‘राजकारणाच्या आणि अर्थकारणाच्या बातम्यांवर मी छोटी टिपणं लिहिते आणि ओळखीच्या लोकांना पाठवते. माझी शैली चिमटे काढणारी आहे आणि लोकांना ती आवडते असं मला वाटत होतं. परवा “महागाई घटली” अशी बातमी आली. मी लिहिलं, सरकार धडधडीत खोटं बोलतंय, माझ्या घरातलं एकही बिल कमी झालेलं नाही. अर्थशास्त्र शिकणाऱ्या भाचीनं दोन ओळींत माझी चूक दाखवून दिली. त्याच दिवशी एका जुन्या मैत्रिणीचा निरोप आला. ती सत्ताधारी पक्षाची समर्थक आहे. “तुझ्या टिपणात काय असणार ते मला वाचायच्या आधीच ठाऊक असतं, यापुढे पाठवू नकोस.” तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. ज्याला यातलं शास्त्र येत नाही त्यानं यावर लिहावं का? चिमटे काढणं सोडलं तर वाचणार कोण? आणि मुळात लिहून होतं काय?
– टिपणकार’

प्रिय टिपणकार,

लिहिणं थांबवू नका. मात्र ज्या टिपणावरून हे सगळं झालं ते आधी नीट तपासू या, कारण त्यात तुमचं जे चुकलं ते लहान आहे आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं जे होतं ते तुम्ही लिहिलंच नाही.

समजा, दोन वर्षांपूर्वी सगळ्या वस्तूंचा मिळून किंमत निर्देशांक १०० होता. पहिल्या वर्षी महागाईचा दर ८ टक्के राहिला, निर्देशांक १०८ झाला. दुसऱ्या वर्षी दर ३ टक्क्यांवर आला, तर निर्देशांक १११.२४ होतो. ‘महागाई ८ वरून ३ टक्क्यांवर’ ही बातमी अगदी खरी आहे, आणि तुमचं एकही बिल कमी झालं नाही हेही तितकंच खरं आहे. सरसकट भाव उतरायचे तर दर शून्याच्या खाली जावा लागतो, आणि तसं क्वचितच घडतं. भाचीनं हेच सांगितलं असणार.

पण या दोन वर्षांत तुमचं उत्पन्न किती वाढलं? समजा, ५ टक्क्यांनी वाढलं. तर त्या पैशांत आज दोन वर्षांपूर्वीपेक्षा कमी वस्तू येतात, आणि महागाईचा दर खाली आला म्हणून ती तूट भरून निघत नाही. दर जाहीर होतो त्या दिवशी वाढीचा वेग मंदावल्याचं समाधान व्यक्त होतं. मधल्या काळात जे गेलं त्याचा हिशेब त्या दिवशी कोणी मांडत नाही. तो तुम्ही मांडू शकला असता. त्यासाठी कोणाला खोटं ठरवायची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट सरासरीची. महागाईचा एकच आकडा सगळ्या घरांचा म्हणून छापला जातो, पण प्रत्येक घराचा खर्च निराळा. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा. म्हणजे अन्न महागलं तर गरीब घराची महागाई सरासरीपेक्षा जास्त असते. इंधन, घरभाडं, औषधं यांचंही असंच आहे: ज्याच्या खर्चात ज्या गोष्टीचा वाटा मोठा, त्याला तिची दरवाढ जास्त लागते. तुमच्या घराचा दर जाहीर दरापेक्षा वेगळा असू शकतो, आणि तसं सांगणं हे अज्ञान नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, लिहून काय होतं याचं, उत्तर मला इथेच द्यायचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये महागाईचा दर ५.४ टक्के असल्याचं जाहीर झालं. जॅक मन्रो हे तिथं कमी पैशांत स्वयंपाक कसा करावा यावर लिहिणारं परिचित नाव. ना अर्थशास्त्राची पदवी, ना कोणतं सरकारी पद. त्यांनी जाहीरपणे लिहिलं की हा आकडा गरिबांची खरी परिस्थिती लपवतो, आणि दुकानातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंच्या किमती आधी किती होत्या व आता किती आहेत ते एकेक करून मांडलं. त्यावर देशभर चर्चा झाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं वेगवेगळ्या घरांना बसणाऱ्या महागाईचं अधिक बारकाईनं मोजमाप करू असं सांगितलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात रोजच्या ३० वस्तूंच्या सर्वांत स्वस्त प्रकारांचा अभ्यास प्रसिद्धही केला.

त्यात काय निघालं? एप्रिल २०२२ पर्यंतच्या वर्षभरात सर्वांत स्वस्त पास्ता ५० टक्क्यांनी महागला होता. बटाटे मात्र १४ टक्क्यांनी उतरले होते. तीसही वस्तूंची मिळून वाढ ६ ते ७ टक्के होती, म्हणजे एकूण खाद्यपदार्थांच्या सरकारी दराइतकीच. स्वस्त वस्तू सरसकट जास्त वेगानं महागल्या, हा मन्रो यांचा निष्कर्ष निदान त्या अभ्यासात टिकला नाही. पण स्वस्त पास्त्यावर भागवणाऱ्या घराचे हाल सरासरीच्या आकड्यात दिसत नाहीत, हे म्हणणं पूर्णपणे टिकलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जे आधी अशा रीतीनं मोजलंच जात नव्हतं ते मोजलं गेलं. एका सामान्य माणसाच्या लेखनानं एवढं घडू शकतं. मात्र त्यांनी ‘सगळं खोटं आहे’ एवढंच लिहिलं असतं तर सांख्यिकी कार्यालयाला तपासायला हातात काहीच मिळालं नसतं. त्यांनी वस्तूचं नाव, जुनी किंमत आणि नवी किंमत दिली. तुमच्या टिपणात नेमकी याचीच उणीव होती.

‘खोटं’ या आरोपाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो तुम्ही सहज केलात आणि तो सहज करण्यासारखा नाही.

तो कधीकधी खरा असतो. अर्जेंटिनात २००७ पासून सरकारनं राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या कामात हस्तक्षेप केला. किंमत निर्देशांकाची जबाबदारी सांभाळणाऱ्या ग्रासिएला बेवाक्वा यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढची कित्येक वर्षं सरकारी दर १० टक्क्यांच्या आसपास राहिला, तर खासगी अंदाज २० टक्क्यांच्या वर होते. स्वतंत्रपणे अंदाज प्रसिद्ध करणाऱ्यांना दंड ठोठावण्यात आला, बेवाक्वा यांनाही. तेव्हा विरोधी खासदारांनी या सगळ्या खासगी अंदाजांची सरासरी दर महिन्याला स्वतःच्या नावानं जाहीर करायला सुरुवात केली, कारण त्यांना संसदीय संरक्षण होतं. अखेर २०१३ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं आकड्यांवरून अर्जेंटिनाचा जाहीर निषेध केला. असं पाऊल नाणेनिधीनं त्याआधी कोणत्याही देशाविरुद्ध उचललं नव्हतं. आकडा खोटा आहे हे तिथं सिद्ध झालं ते लोकांनी समांतर मोजणी चालू ठेवली म्हणून.

उलटही घडतं. ग्रीस सरकारच्या अर्थसंकल्पाची २००९ सालची तूट सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.७ टक्के सांगितली गेली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती १२.५ टक्के झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सुधारित आकडा आला १५.४ टक्के. हा शेवटचा आकडा देणारे सांख्यिकी प्रमुख आंद्रेआस गेओर्गिऊ. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयानं त्यांचे आकडे मान्य केले. तरीही त्यांनी तूट मुद्दाम फुगवली, देशाचा विश्वासघात केला, असे आरोप झाले. वर्षानुवर्षं खटले चालले. आकडे सांख्यिकी संस्थेच्या संचालक मंडळाच्या मतदानाला न टाकता पाठवले म्हणून २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षाही झाली. खरा आकडा सांगणाऱ्या माणसाचं आयुष्य असं कोर्टात गेलं. त्याच्याविरुद्ध जे वातावरण तापलं त्यात नुसत्या संशयावर बोलणाऱ्या कितीतरी सभ्य माणसांचा आवाज मिसळलेला होता.

म्हणून माझी विनंती आहे की ‘खोटं’ हा शब्द हाताशी ठेवा, पण पुरावा असल्याशिवाय वापरू नका. बहुतेक वेळा बातमी खोटी नसते, अपुरी असते. कोणी तिच्यातला सोयीचा तेवढा भाग पुढे केलेला असतो. तो कोणता आणि मागे काय ठेवलं, हे शोधून लिहिलंत तर ते टिपण वाचकाला खोडून काढता येणार नाही.

शास्त्र येत नाही म्हणता, तर यासाठी लागणारं शास्त्र फार नाही. एक उदाहरण सांगितलं की लक्षात येईल. ३० जुलै २०२० या एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. करोनाच्या टाळेबंदीच्या तिमाहीत अमेरिकेची अर्थव्यवस्था ३२.९ टक्क्यांनी आकसली, आणि जर्मनीची १०.१ टक्क्यांनी. शेजारी शेजारी वाचलं तर अमेरिकेची घसरण जर्मनीच्या तिपटीहून जास्त वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेत तिमाहीची घसरण ९.५ टक्के होती. तिथली पद्धत अशी की हाच वेग वर्षभर राहिला तर किती होईल ते गणित करून तो वार्षिक दर छापतात, जर्मनी तिमाहीचा बदल तसाच सांगते. दोघांपैकी कोणीही फसवलेलं नव्हतं. त्या दिवशी ज्यांनी अमेरिकेवर जोरदार मल्लिनाथी केली त्यांनी ‘हा आकडा कशाच्या तुलनेत आहे?’ हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

तोच प्रश्न तुम्ही दर वेळी विचारा. गेल्या महिन्याच्या तुलनेत की गेल्या वर्षाच्या? गेलं वर्ष फार वाईट असेल तर यंदाची वाढ आपोआप मोठी दिसते. एकूण उत्पन्न वाढलं की माणशी? महागाई वजा करून की न करता? व्याजाचा दर ४ वरून ५ झाला तर ती एका टक्केबिंदूची वाढ आहे, मात्र टक्क्यांत मोजली तर २५ टक्क्यांची, आणि ज्याला जे भासवायचं असेल तो ते निवडतो. आकडा अंतिम आहे की पुढे बदलणार, हेही पाहा. ब्रिटनची अर्थव्यवस्था २०२१ च्या अखेरीस करोनापूर्व पातळीच्या १.२ टक्के खाली आहे असं मानलं जात होतं, त्यावर भाषणं झाली, अग्रलेख लिहिले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुधारित आकडा आला तेव्हा ती ०.६ टक्के वर निघाली. बाकी जे लागेल ते भाचीला विचारा. दोन ओळींत तिनं चूक दाखवली म्हणजे तिला तुमचं लिहिणं महत्त्वाचं वाटतं. पाठवण्याआधी तिला वाचायला देत जा.

तज्ज्ञांपुढे दबकून राहू नका, असंही सांगावंसं वाटतं. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांच्या निबंधात असं आलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्के, असते. सरकारी खर्चाला कात्री लावावी असं म्हणणाऱ्या अनेक नेत्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं वर्गातल्या अभ्यासासाठी तेच गणित करून पाहिलं आणि ते जुळेना. मूळ तक्त्यात पाच देश सरासरीतून सुटले होते, काही वर्षांची आकडेवारी धरलेली नव्हती, शिवाय देशांना दिलेलं वजनही वादग्रस्त होतं. त्यानं आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दुरुस्त केलेली सरासरी २.२ टक्के निघाली. जास्त कर्जाच्या देशांची वाढ कमी असते हे त्यातही दिसत होतं, पण ९० टक्क्यांवर कडेलोट होतो हे दिसत नव्हतं. एका विद्यार्थ्याला हे करता आलं, कारण त्यानं तक्ता मागवला आणि तो स्वतः उघडून पाहिला.

आता मैत्रिणीकडे वळते. तिचं वाक्य तुम्हाला लागलं, आणि मला वाटतं ते लागायला हवं होतं. टिपण वाचण्याआधीच त्यात काय असेल हे माहीत असेल तर याचा अर्थ बातमी काहीही असली तरी तुमचा निकाल आधीच लागलेला असतो. हा दोष तुमच्या एकटीचा नाही. अमेरिकेत १९८० मध्ये महागाई १३.५ टक्के होती, आठ वर्षांनी ती साधारण ४ टक्के झाली. मध्यंतरी रिपब्लिकन पक्षाचे रोनाल्ड रेगन अध्यक्ष होते. १९८८ च्या निवडणूक सर्वेक्षणात लोकांना विचारलं गेलं, या आठ वर्षांत महागाई वाढली की घटली? डेमोक्रॅटिक पक्षाच्या कट्टर समर्थकांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती वाढली असं सांगितलं. लॅरी बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. बाजूंची अदलाबदल झाली की उत्तरंही बदलतात: २०१६ ची निवडणूक डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकल्यावर काही आठवड्यांतच रिपब्लिकन मतदारांचा अर्थव्यवस्थेवरचा विश्वास उसळला आणि डेमोक्रॅट मतदारांचा खचला. अर्थव्यवस्था तेवढ्या दिवसांत होती तिथंच होती.

यावर उपाय आहे, आणि तो मनापासून करावा लागेल. टिपण लिहून झालं की स्वतःला विचारा: हाच आकडा, हाच निर्णय दुसऱ्या पक्षाच्या सरकारचा असता तर मी हीच ओळ लिहिली असती का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर ती ओळ बदला. आणि ज्या सरकारवर तुम्ही टीका करता त्याचा एखादा निर्णय तुम्हाला पटला तर तेही तितक्याच ठामपणे, मागून ‘पण’ न जोडता लिहा. वाचक यावरूनच ठरवतो की तुमच्या टीकेवर विश्वास ठेवायचा की नाही.

चिमट्यांचं म्हणाल तर ते सोडू नका. राजकारणी माणूस सत्याला बगल देतो तेव्हा त्याची बगल दाखवायला तिरकस वाक्यासारखं साधन नाही, आणि कोरडा हिशेब कोणी शेवटपर्यंत वाचत नाही हेही खरं. फक्त चिमटा कोणाला काढायचा ते पाहा. ज्यानं दावा केला, निर्णय घेतला, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला जरूर काढा. त्या दाव्यावर विश्वास ठेवणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला काढू नका. तिला काही आशा होती म्हणून तिनं मत दिलं, आणि त्या आशेवर हसण्याचा हक्क मला कोणालाच द्यावासा वाटत नाही. बहुतेक राजकीय टिपणं इथं घसरतात: सुरुवात मंत्र्यापासून होते आणि शेवट त्याला निवडून देणाऱ्यांच्या अकलेवर. मग ते लोक वाचणं बंद करतात, आणि ज्यांना आधीपासून पटलेलं आहे तेवढेच टाळ्या वाजवायला उरतात.

भाकितं करत असाल तर ती कमी करा. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांची राजकीय आणि आर्थिक भाकितं नोंदवून ठेवली, त्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी तज्ज्ञ अंदाजपंचे सांगण्यापेक्षा फारसा सरस ठरला नाही, आणि माध्यमांत ज्यांचं नाव मोठं त्यांची भाकितं उलट जास्त चुकली. तुमचं बळ भविष्य सांगण्यात नाही. आज काय घडलं आणि ते तुमच्यापर्यंत कसं पोहोचलं हे तुमच्याइतकं नेमकं दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

त्यासाठी एक काम आजच सुरू करा. घरखर्चातल्या ठरावीक वस्तू आणि सेवा निवडा, आणि दर महिन्याला त्याच वस्तूंची, तेवढ्याच मापाची किंमत तारखेसह लिहून ठेवा. महागलेल्या तेवढ्याच निवडू नका. २००२ मध्ये युरोपात युरोची नाणी-नोटा आल्या तेव्हा सगळंच कमालीचं महागल्याची लोकांची खात्री झाली होती. त्या वर्षीच्या २.३ टक्के महागाईत चलनबदलाचा हात ०.१ ते ०.३ टक्केबिंदूंचाच होता, असा युरोपीय सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज निघाला. कॅफे, उपाहारगृहं अशा वरचेवर पैसे मोजायच्या ठिकाणी मात्र दर ठळकपणे वाढले होते, आणि जे वरचेवर विकत घेतो तेच मनात राहतं. म्हणून वर्षातून एकदाच येणारी बिलंही वहीत धरा, जिथं भाव स्थिर राहिला तेही लिहा. सोबत घरातलं उत्पन्नही नोंदवा.

पुढच्या वेळी महागाईचा दर जाहीर होईल तेव्हा तो आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा शेजारी शेजारी ठेवून टिपण लिहा. दोन्ही जुळले तर तसं लिहा. जुळले नाहीत तर कुठल्या वस्तूंमुळे, तेही सांगा. भाचीला दाखवा, आणि सांख्यिकी कार्यालयाला एखादा प्रश्न असेल तर त्यांनाही पत्र पाठवा, त्यांच्याकडे अशी पत्रं जायला हवीत. मैत्रिणीला टिपण पाठवू नका, तिनं नको म्हटलं आहे. तिला फोन करा आणि या दोन वर्षांत तिच्या घरी काय महागलं ते विचारा. तिनं सांगितलं आणि तिची हरकत नसेल, तर तिचेही आकडे वहीत लिहून घ्या.